दोघांची कागदपत्रे दोन पिशव्यांत ठेवा

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव आदी प्रवेशद्वारांवर पहाटेपासून जिप्सींची रांग लागते. आरक्षण करताना नोंदविलेले मूळ ओळखपत्र तेथे दाखवावे लागते. पती-पत्नी दोघांचीही कागदपत्रे एकाच पिशवीत असतील आणि ती पिशवीच हरवली, तर दोघांचाही प्रवास एकदम अडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत फिरताना म्हणूनच कागदपत्रांची विभागणी आवश्यक ठरते.

रेल्वेचा नियम वेगळा

एकाच ई-तिकिटावर प्रवास करणाऱ्यांपैकी एकाचे ओळखपत्र रेल्वेत पुरते. त्यामुळे चंद्रपूर किंवा बल्लारशाहपर्यंतचा प्रवास निर्विघ्न पार पडतो आणि दुसऱ्याचे ओळखपत्र घरी राहिल्याचे लक्षातही येत नाही. सफारीच्या आरक्षणात मात्र प्रत्येक पर्यटकाचे नाव व ओळखपत्र नोंदविले जाते. नवविवाहित जोडप्यांनी याबाबत विशेष दक्षता घ्यावी. पत्नीच्या आधार कार्डावर माहेरचे नाव असेल, तर आरक्षणही त्याच नावाने करावे.

विभागणी कशी करावी

प्रत्येकाने स्वतःचे मूळ ओळखपत्र स्वतःजवळ बाळगावे आणि जोडीदाराच्या कागदपत्रांची झेरॉक्स आपल्या पिशवीत ठेवावी. रोख रक्कम व बँक कार्डेही दोघांत वाटून घ्यावीत. उघड्या जिप्सीत धूळ उडते, खाचखळग्यांत सामान घसरते. अशा वेळी वरच्या खिशापेक्षा चेन असलेले आतले पाकीट सुरक्षित. देशातील प्रवासासाठी आधार, निवडणूक ओळखपत्र किंवा वाहन परवाना पुरेसा असल्याने भारतीय पर्यटकांनी पासपोर्ट घरीच ठेवणे श्रेयस्कर.

परदेशस्थ मराठी दांपत्यांची स्थिती निराळी असते. दोघांपैकी एक परदेशी नागरिक असल्यास त्याचा पासपोर्ट व व्हिसा किंवा ओसीआय कार्ड मुक्कामाच्या ठिकाणी दाखवावे लागते. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत कळविण्याचे बंधन हॉटेलचालकावर असते. नोंद होताच पासपोर्ट आठवणीने परत घ्यावा.

केवळ मोबाईलवर विसंबू नये

२०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधील कागदपत्रांना कायदेशीर मान्यता आहे. तथापि एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांत अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही. पावसाळ्यात ताडोब्याचे गाभा क्षेत्र बंद असले, तरी हेमलकसा-भामरागडकडे जाणारे असतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मुक्काम लांबला आणि मोबाईलची बॅटरी संपली, तर प्लास्टिकच्या पाकिटातील कागदच कामी येतो.

हरवल्यास काय करावे

प्रथम जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. तातडीच्या मदतीसाठी ११२, तर आधारविषयक चौकशीसाठी १९४७ हे क्रमांक आहेत. भारतीय पासपोर्ट हरवल्यास पासपोर्ट कार्यालयाला कळवून नव्याने अर्ज करावा. विदर्भाचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. हरवल्याची नोंद झालेला पासपोर्ट पुढे सापडला, तरी त्यावर प्रवास करता येत नाही. परदेशी नागरिकाने आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधावा. देश सोडण्याच्या परवानगीसाठी विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे जावे लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालय पाहते.

या प्रत्येक ठिकाणी कागदपत्राचा क्रमांक विचारला जातो. जोडीदाराच्या पिशवीतील झेरॉक्स तेव्हा उपयोगी पडते.