‘कापूस खामगावला गेला’ या उल्लेखावरील तळटीप

१. चिखली घाटावर, खामगाव घाटाखाली. चिखलीकडचा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून खामगावच्या बाजारात जाई. तिथे सरकी काढून रुईच्या गाठी बांधल्या जात आणि मुंबई बंदरातून विलायतेला रवाना होत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला आणि भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले. पेरणी इथली, पण भाव लिव्हरपूलचा, हे परावलंबन तेव्हापासूनचे. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे फाटा झाला तोही मुख्यतः कापसासाठीच. याच रुईचे कापड होऊन परत इथेच विकले जाई, म्हणजे सूतकताई-विणकामाची कमाई परदेशात राही. देशी गिरण्या उभ्या राहिल्या, तर १८९६ मध्ये त्यांच्या कापडावरच साडेतीन टक्के कर बसवला गेला. हा सरळ अन्याय होता. तो कर रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. रेल्वेचे म्हणाल तर, चिखलीवरून जाणारा खामगाव-जालना लोहमार्ग ब्रिटिश अमदानीपासून मागितला जात आहे. तो अजून झालेला नाही. — संपादक