रंग खरवडताना थांबायचं कुठे?

कोल्हापुरात जुनी सायकल नव्याने रंगवणं ही काही नवलाई नाही. उद्यमनगरात कुठल्याही मेस्त्रीला विचारा. जुना रंग लोखंडापर्यंत घासून काढायचा, रेड ऑक्साइडचा हात मारायचा, वरून काळा रंग, आणि हौस असेल तर सोनेरी रेघ! लोखंड दिसलं की निम्मं काम झालं. पण हीच पद्धत कार्बन फायबरच्या जुन्या फ्रेमवर वापरली तर ती फ्रेम कायमची बाद. असं का? त्यासाठी तिच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

कार्बनचे बळकट धागे १९६० च्या दशकात जपान आणि इंग्लंडमधल्या सरकारी प्रयोगशाळांत तयार झाले. डोळ्यांसमोर होती विमानं. सायकलपर्यंत ते पोचले १९७० च्या दशकाच्या मध्यावर, आणि आणले कोणी, तर एक्सॉन या तेल कंपनीने! तिच्या ‘ग्राफटेक’ सायकलीत नळ्या कार्बनच्या, सांधे धातूचे, आणि दोन्ही एकमेकांना चिकटवलेले. १९८६ साली ग्रेग लेमाँडने ‘लूक’ या फ्रेंच कंपनीच्या अशाच चिकटवलेल्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. त्याच वर्षी अमेरिकेत ‘केस्ट्रेल’ने सांधेच नसलेली, साच्यातून काढलेली अखंड फ्रेम बाजारात आणली. आज जिला ‘विंटेज कार्बन’ म्हणतात ती या पिढीची.

आता गंमत बघा. हे धागे इपॉक्सी नावाच्या राळेत बसवलेले असतात, आणि वरचा रंगही एक प्रकारची राळच. रंग उतरवणाऱ्या रसायनाला रंग कुठे संपला आणि फ्रेम कुठे सुरू झाली हे कळत नाही. ते दोन्ही खातं. वाळूचा फवारा धागे तोडतो. पावडर कोटिंगच्या भट्टीतली उष्णता राळ आणि सांध्यातलं चिकटद्रव्य दोन्ही सैल करते. म्हणजे उरतो एकच मार्ग : पाण्याचा पॉलिश पेपर आणि हाताचा धीर. आधी रंगाचं पाणी येतं, मग प्रायमरचं. पाणी काळं यायला लागलं तर समजायचं, आपण रंग नाही, सायकल घासतोय. तिथे हात थांबलाच पाहिजे.

मग हा उद्योग करायचाच कशाला? कारण रंग दोष झाकतो. ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना भिडून ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम कुजतं, सांध्याजवळ रंगाखाली फोड येतात, पांढरी भुकटी धरते. तडा गेला असेल तर तोही रंगाखालीच. ज्योतिबाचा डोंगर उतरताना तो उघडा पडला तर काय होईल, हे सांगायला नकोच.

लेप किती काढायचा, नवा कसला चढवायचा, हा प्रश्न कोल्हापूरकरांनी फार मोठ्या आणि श्रद्धेच्या ठिकाणी अनुभवलाय. अंबाबाईच्या मूर्तीवर १९५५ साली वज्रलेप झाला. २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं, त्याआधी आणि नंतरही वाद झडले. सायकलची त्याच्याशी तुलना नाही, पण एक गोष्ट तिथेही दिसली : प्रत्येक लेपाचं आयुष्य ठरलेलं असतं, आणि तो काढताना मूळ वस्तूला धक्का लागता कामा नये.

म्हणून माझं मत असं. जिथे शंका आहे तिथलाच रंग काढावा. कंपनीची मूळ अक्षरं शाबूत असतील तर राहू द्यावीत, थोडी उडालेली असली तरी. उघड्या भागावर ऊन अडवणारं पारदर्शक लॅकर द्यावं, कारण इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते. आणि खाली तडा सापडलाच, तर वरून नवा रंग फासून ती फ्रेम कोणाच्या पोराच्या हाती देऊ नये. दुरुस्ती जाणकाराकडून होणार नसेल, तर सरळ भिंतीवर टांगावी. तिथेही ती छान दिसते.