बर्फाची शाळा

विलेपार्ल्यांत राहणाऱ्या माणसाची थंडीशीं ओळख ती केवढी! पार्ल्याला लागूनच असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेंत १९६२ च्या जानेवारींत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तेवढ्याचीहि आठवण अजून काढली जाते. आणि पाणी गोठावयास त्याच्याहि सात अंश खालीं जावें लागतें. असें असूनहि याच उपनगरांतून रविवारीं पहांटेच्या गाडीनें, पाठीवर थैली टाकून, सह्याद्रीकडे निघणाऱ्या तरुणांपैकीं कांहीं जण पुढें हिमालयाची वाट धरतात. सह्याद्रीनें त्यांचे पाय बळकट केलेले असतात. मुंब्र्याच्या कातळांवर त्यांचीं बोटें तयार झालेलीं असतात. परंतु पहिल्या हिमउतारावर उभें राहतांच त्यांच्या ध्यानांत येतें कीं, आपल्या विद्येचा अर्धा भाग येथें कामास येत नाहीं. पावसाळ्यांतलें शेवाळ सोडलें, तर कातळ सहसा फसवीत नाहीं. बर्फ मात्र सकाळीं एक असतें आणि दुपारीं दुसरें. युरोपांत ज्यास हिंवाळ्याचें गिर्यारोहण म्हणतात, तें हिमालयाच्या उंचीवर भर मे महिन्यांतहि करावें लागतें. ही विद्या शिकावीच लागते. पण ती वर्ग भरवून शिकवितां येते, ही कल्पना फारशी जुनी नाहीं.

आल्प्सच्या पायथ्याशीं ही विद्या प्रथम घराण्यांतच राहिली. १८२० सालीं डॉ. हामेल यांच्या मोहिमेंतील तीन वाटाडे माँ ब्लाँ पर्वतावर हिमप्रपाताखालीं सांपडून मेले, आणि दुसऱ्याच वर्षीं शामोनी गांवच्या वाटाड्यांनीं आपला संघ स्थापिला. संघानें पाळ्या लावल्या, निराधार कुटुंबांची तरतूद पाहिली. परंतु ज्ञान बापाकडून मुलाकडेच जात राहिलें. आपल्याकडील गवयांचीं घराणीं अस्सल चीजा राखून ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार. हौशी प्रवासी पैसे मोजी आणि वाटाड्यानें कुऱ्हाडीनें खोदलेल्या पायऱ्यांवर निमूटपणें पाऊल ठेवी. त्याचा परिणाम १८६५ सालीं मॅटरहॉर्न शिखरावर दिसला. शिखर सर करून सात जण उतरत असतां हॅडो नांवाच्या एकोणीस वर्षांच्या नवख्या तरुणाचा पाय घसरला. त्याच्या धक्क्यानें पुढचा वाटाड्या कोसळला, दोर तुटला, आणि चौघे खालच्या हिमनदीवर जाऊन पडले. विजयाच्या दिवशींच ही दुर्घटना घडल्यामुळें सारें युरोप हादरलें.

पुढें साधनें सुधारलीं. ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज रेल्वे-इंजिनियरनें १९०८ च्या सुमारास बुटाच्या तळाला बांधावयाचे दहा दांत्यांचे पोलादी क्रॅम्पॉन तयार केले. १९२९ सालीं ग्रिव्हेल लोहारांच्या घराण्यानें त्यांना पुढें आलेले दोन दांते जोडले. पायऱ्या खोदण्याचें काम त्यामुळें पुष्कळच कमी झालें. पण नवें साधन हातीं आलें म्हणजे तें वापरण्याची रीतहि शिकावी लागते.

हिंदुस्थानांत असे वर्ग दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं काश्मीरांत वैमानिकांसाठीं भरले होते. तेथील प्रमुख शिक्षक विल्फ्रिड नॉइस हे पुढें १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत होते. परंतु सामान्य नागरिकाला दार उघडलें तें तेनसिंग नोर्गे यांनीं. २९ मे १९५३ रोजीं ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचले, आणि पंडित नेहरू व बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या पुढाकारानें ४ नोव्हेंबर १९५४ रोजीं दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचें पहिलें बिऱ्हाड 'रॉय व्हिला' या घरांत होतें. १९११ सालीं भगिनी निवेदितांनीं देह ठेवला तें हेंच घर.

शाळा उघडण्यापूर्वीं घडलेली एक गोष्ट त्या उद्घाटनाहूनहि मोठी मानावी लागेल. तेनसिंग व कांहीं निवडक शेर्पा स्वित्झर्लंडमध्यें रोझेनलाऊई येथें आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेंत शिकावयास गेले. ज्याच्या नांवाचा जगभर डंका वाजत होता, तो चाळिशीचा गृहस्थ पुन्हां विद्यार्थी झाला, हें शिक्षकाचा पेशा करणाऱ्या प्रत्येकानें ध्यानीं घ्यावें. आपणांस चढतां येणें ही एक गोष्ट, आणि कधीं बर्फ न पाहिलेल्या मुलाला तें टप्प्याटप्प्यानें शिकवितां येणें ही दुसरी. पहिलीवर तेनसिंग यांची हुकमत होतीच. दुसरीसाठीं ते तेथें गेले.

मग या शाळांत शिकवितात तें काय? ऐकणाऱ्यास नवल वाटेल, पण पहिल्या धड्यांपैकीं एक पडण्याचाच असतो. पायथ्याशीं सपाट, धोंडे नसलेला असा उतार गुरुजी आधीं निवडतात. एक हात बर्फाच्या कुऱ्हाडीच्या डोक्यावर, अंगठा तिच्या रुंद पात्याखालीं. दुसरा हात दांड्याच्या टोंकाशीं. कुऱ्हाड छातीवर तिरपी. मग विद्यार्थ्यास उताणें घसरावयास सांगतात. घसरतां घसरतां त्यानें कुऱ्हाडीच्या डोक्याच्या बाजूला अंग वळवून पालथें व्हावयाचें, आणि खांद्याचा सारा भार देऊन टोंकदार चोंच बर्फांत रुतवावयाची. पायांत क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलून धरावयाचे. नाहींतर दांते एकदम अडकतात आणि माणूस उलटून फेंकला जातो. म्हणूनच सरावाच्या वेळीं क्रॅम्पॉन काढून ठेवतात. उताणें जमलें कीं पालथें, पालथें जमलें कीं डोकें खालीं करून. टणक बर्फावर दोन-तीन क्षणांत वेग एवढा वाढतो कीं विचारास अवसर राहत नाहीं. जें करावयाचें तें हातांनींच केलें पाहिजे. घसरून घसरून कपडे भिजतात, कोपरें सोलतात, आणि दुपारपर्यंत सगळी तुकडी एकमेकांस हंसत असते. दोराला चौघे बांधले म्हणजे मात्र हंसणें कमी होतें, कारण एकाचा पाय चुकला तर सावरण्याची जबाबदारी उरलेल्या तिघांवर येते.

तथापि कुऱ्हाडीनें सारेंच थांबत नाहीं. दार्जिलिंगच्या शाळेचे पहिले प्राचार्य मेजर नंदू जयाल हे १९५८ सालीं चो ओयू शिखराच्या मोहिमेंत सामील झाले. मोहिमेचे नेते मुंबईचे केकी बुनशाह होते. जयाल मागाहून निघाले आणि पुढें गेलेल्यांस गांठण्यासाठीं घाईनें चढले. शरीरास उंचीची संवय होऊं द्यावी, हा तर शाळेचाच धडा. पण तो घाईपुढें मागें पडला आणि एप्रिलच्या अखेरीस त्यांना मृत्यु आला. १५ मे रोजीं सोनम ग्यात्सो व पासांग दावा लामा शिखरावर पोहोंचले. आठ हजार मीटरांवरचें शिखर सर करणारी ही पहिली भारतीय मोहीम होय.

पुढें मनालीस १९६१ सालीं आणि उत्तरकाशीस १९६५ सालीं अशाच शाळा निघाल्या. रोझेनलाऊईला गेलेल्या शेर्पांपैकीं नवांग गोंबू १९६३ व १९६५ असे दोनदां एव्हरेस्टवर गेले. तसें करणारे ते पहिलेच. मुंबईची 'गिरिविहार' संस्थाहि १९५४ चीच, दार्जिलिंगच्या शाळेची समवयस्क. तिनें १९८८ सालीं कांचनजंगेवर मोहीम नेली. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ च्या मे महिन्यांत एव्हरेस्टवर पोहोंचले, आणि २०१२ सालीं पुण्याच्याच 'गिरिप्रेमी'ची तुकडी.

आणि तरीहि ४ ऑक्टोबर २०२२ चा दिवस आला. उत्तरकाशीच्या शाळेचा वरच्या श्रेणीचा वर्ग 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर चढत असतां हिमप्रपात कोसळला. २७ शिक्षार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखीं पडल्या. त्यांपैकीं सविता कंसवाल या त्याच वर्षीं मे महिन्यांत एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आल्या होत्या. बर्फाचा थरच सुटून खालीं निघाला म्हणजे त्यावर उभ्या असलेल्याची कुऱ्हाड रुतावी कशांत? तेथें उपयोगी पडलें तर बर्फ वाचण्याचें ज्ञानच पडतें, आणि तेंहि नेहमीं पुरें पडतेंच असें नाहीं.

हें वाचन शिकविण्याची एक साधी रीत आहे. उतारावर फावड्यानें छातीइतका खड्डा खणतात आणि त्याची उभी भिंत तासून सारखी करतात. भिंतींत मागील आठवड्यांचें बर्फ थराथरानें दिसतें: वाऱ्यानें आणून टाकलेलें, उन्हानें वितळून पुन्हां गोठलेलें, काल रात्रीं पडलेलें. विद्यार्थी प्रत्येक थरांत बोट खुपसून पाहतात. वरचा थर फळीसारखा घट्ट आणि त्याच्या खालचा साखरेसारखा सुटा लागला, तर गुरुजी दोर गुंडाळावयास सांगतात आणि तुकडी तंबूकडे परत फिरते.