सहा, दहा, दोन

शनिवार, पहाटे 6.00

आप्पांच्या गोळीचं वेळापत्रक काकूंना तोंडपाठ होतं. सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कुणाला उठावं लागत नाही. मॉर्फिन, दहा मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या. काकूंचा घड्याळापेक्षा एसटीवर भरवसा जास्त. पहिली गाडी फाट्यावर हॉर्न देते, ती सहाची.

2012 चा जानेवारी, केज तालुक्यातलं आमचं गाव. आप्पा माझे चुलते. कॅन्सर फुप्फुसातून मणक्यात उतरलेला. त्या सकाळी पाकिटात सहाच गोळ्या होत्या, म्हणजे तीन वेळचं निघालं असतं.

अर्ध्या तासात आप्पांच्या कपाळावरची आठी उतरली. मणक्यातली ठणक मेंदूकडे निरोप धाडते, आणि तो मज्जारज्जूतल्या एका नाक्यावरून पुढे जातो. तिथल्या पेशींवर मॉर्फिन नेमकं बसेल असे खाचे असतात. पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात, डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिन तिथं बसलं की निरोप देणाऱ्या पेशीच्या तोंडावर हात येतो आणि घेणारीच्या कानात बोळा. वर मेंदूतही असेच खाचे आहेत, तिथं दुखण्याची धास्ती उतरते. आप्पांचं वर्णन मला कुठल्याही पुस्तकापेक्षा पटतं. ते म्हणायचे, ‘‘दुखतंय रे, पण शेजारच्याच्या घरात दुखतंय.’’

सकाळी 10.00

चार गोळ्यांतल्या दोन गेल्या. धाकटा चुलतभाऊ कागदांची पिशवी घेऊन आठच्या गाडीनंच शहराकडे निघाला होता. मागच्या खेपेला तिथल्या दवाखान्यात कमी गोळ्या मिळाल्या होत्या, ‘‘पंधरवड्यानं या’’ म्हणून.

शेजारच्या म्हातारीनं ओट्यावरूनच विचारलं, ‘‘नशेची गोळी देताव म्हणं?’’

हा प्रश्न वेडगळ नाही. श्वासाची लय ठरवणारी जागा मेंदूच्या देठात आहे आणि तिथंही हेच खाचे आहेत. औषध जास्त झालं की माणूस श्वास घ्यायचं विसरतो. 2002 साली मॉस्कोच्या एका नाट्यगृहात अतिरेक्यांना बेशुद्ध करायला याच कुळातलं रसायन हवेतून सोडलं, आणि सव्वाशेच्या आसपास ओलीस दगावले. पण दुखण्याच्या मापानं, थोडं थोडं वाढवत नेलेली तोंडावाटेची गोळी म्हणजे ते नव्हे. आप्पा दोन महिने गोळी घेत होते. त्रास झाला तो बद्धकोष्ठाचा, कारण आतड्यातही तेच खाचे.

दुपारी 1.40

फोन आला. परवान्याचं नूतनीकरण अडकलंय, साठा शून्य. सोमवारी या.

दुपारी 2.00

शेवटच्या दोन. काकूंनी पाकीट उलटं करून झटकलं, मग अॅल्युमिनियमच्या रिकाम्या खोल्या बोटानं चाचपल्या.

अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. तस्करांसाठी केलेला, पण फास बसला तो औषधाच्या दुकानाला. मॉर्फिन ठेवायला एकाहून अधिक खात्यांचे परवाने, त्यांच्या वेगवेगळ्या मुदती, आणि चूक झाली तर तुरुंग. कोण दुकानदार या भानगडीत पडेल? पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. मॉर्फिनसाठी लागणारी अफू पिकवणाऱ्या देशात ही तऱ्हा. 2014 ला कायदा सुधारला, एका परवान्यावर काम भागू लागलं. आप्पांच्या शनिवारला त्याचा उपयोग नव्हता.

दुपारी 4.00

दिवसातला सगळ्यात चांगला तास. आप्पांनी चष्मा मागितला, पेपरात कापसाचा भाव पाहिला, व्यापाऱ्यांना एक शेलकी शिवी दिली आणि चहात साखर कमी पडल्याची तक्रार केली. म्हातारीला बोलावून दाखवावंसं वाटलं: ही बघा नशा.

संध्याकाळी 6.00

काकूंनी सवयीनं तांब्या भरून आणला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

गावातल्या डॉक्टरांकडे होतं ते ट्रॅमाडॉल. तेव्हा ते सहज मिळे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं 2018 ला. त्यांनी इंजेक्शन दिलं, कॅप्सूल दिल्या, आणि बाहेर येऊन मला खरं सांगितलं, ‘‘एवढ्यानं भागणार नाही.’’ हिशेब सरळ आहे. ट्रॅमाडॉल त्या खाच्यांना सैल चिकटतं. ढोबळमानानं दहा मिलिग्रॅमची ताकद मॉर्फिनच्या एका मिलिग्रॅमएवढी. दिवसाला चारशेच्या वर द्यायचं नाही, नाहीतर झटके येऊ शकतात. म्हणजे चाळीसची बरोबरी. आप्पांना दिवसाला एकशेवीस लागत होतं.

रात्री 9.00

आप्पांना जांभया येऊ लागल्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. ‘‘झोप आलीय, लागंल डोळा,’’ म्हणत काकूंनी दिवा बारीक केला.

ती झोप नव्हती, हे मला फार उशिरा, वाचून कळलं. मॉर्फिन मेंदूच्या देठातल्या जागेपणाच्या केंद्रालाही दाबून धरतं. आठवडेच्या आठवडे दाब राहिला की पेशी उलटा जोर लावायला शिकतात. चढावर पाय ब्रेकवर असताना अॅक्सिलरेटर दाबून ठेवावा, तसं. आता ब्रेक सुटला. जांभया, मग नाक गळायला लागलं, मग हातावर काटा, मग पोटात मुरडा. याला व्यसन म्हणत नाहीत. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी अचानक तोडली तरी शरीर आपल्या परीनं बंड करतंच. पण नाक पुसत कण्हणाऱ्या माणसाकडे पाहून म्हातारी जे म्हणाली ते आप्पांनी ऐकलं. ‘‘सवय लागली बघ.’’

रात्री 11.30

आता दुखणं शेजारच्या घरातून आपल्या घरात आलं होतं.

मेंदूत अफूसाठी खाचा असावाच का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. 1973 ला जॉन्स हॉपकिन्समध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी तो खाचा दाखवला. 1975 ला अॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत त्याची मूळ किल्ली सापडली: शरीर स्वतःच अफूसारखं काहीतरी बनवतं. नांगराचा फाळ पायात घुसला तरी माणूस घरापर्यंत चालत येतो, त्यात या घरच्या अफूचा वाटा असतो. पण ती घडीभराची शिदोरी. महिनोन्महिने हाड पोखरणाऱ्या गाठीपुढे ती किती टिकणार?

आप्पांच्या त्या 2012 सालीच, उन्हाळा लागायच्या आत, आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर परळी तालुक्यातल्या शेतांत अफूचं उभं पीक पोलिसांना सापडलं. बीडचं नाव देशभर झालं. अफूच्या बोंडांना दुपारी चिरा द्यायच्या आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा असतो. सरकारी परवान्यानं हेच नीमच-मंदसौरकडे चालतं, आणि त्याच चिकातून गोळ्यांचं मॉर्फिन निघतं. पेपरातला फोटो मी बराच वेळ पाहत बसलो होतो.

रविवार, रात्री 2.00

गोधडीचा स्पर्श सोसेना. नुसती खाट हलली तरी हंबरडा. दुखण्याचे निरोप सतत येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी अधिकच तिखट होतात. मग बोट लागलं तरी चटका बसल्यासारखं होतं. चुलतभाऊ शेवटच्या गाडीनं परतला होता, तो भिंतीकडे तोंड करून बसला.

‘‘औषध द्या,’’ आप्पा म्हणाले. मग परत, ‘‘औषध.’’

आमच्याकडे कापसावर फवारतात त्यालाही औषधच म्हणतात. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. उठल्या, माळ्यावरचा डबा पदराखाली घेतला आणि अंधारात शेजारी नेऊन ठेवला.

पहाटे 4.30

कण्हणं थांबलं. ट्रॅमाडॉलची दुसरी कॅप्सूल लागू पडली असावी, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मी ओट्यावर पाठ टेकली. काकू खाटेच्या पायाशी बसल्या-बसल्या पेंगल्या. गेला महिनाभर दोन माणसांनी धरल्याशिवाय आप्पा उंबऱ्यापर्यंत गेले नव्हते.

पहाटे 6.00

फाट्यावर गाडीनं हॉर्न दिला. काकू दचकून उठल्या आणि सवयीनं तांब्या भरायला गेल्या. परत आल्या तेव्हा खाट रिकामी होती. आडाकडचं दार उघडं होतं.