फक्त इनकमिंग

विट्याजवळच्या गावात माझ्या आत्याचं घर आहे. सोप्यातल्या भिंतीवर, खुंटीच्या खाली, निळ्या ऑइलपेंटने दहा आकडे लिहिलेत. दार रंगवून उरलेला तो रंग, आणि तो आत्याचा मोबाइल नंबर. तिला स्वतःला तो कधीच पाठ झाला नाही. कुणी विचारला की ती भिंतीकडे बोट दाखवायची.

हा फोन २००६ साली घरात आला. तेव्हा तिचा मुलगा, आमचा दादा, कोइमतूरला गलाईच्या दुकानात होता. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून, गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यात पिढ्यानपिढ्या देशभर पांगलेली आहेत. दादाने सुट्टीत येऊन आईला फोन घेऊन दिला आणि जाताना नियम सांगून गेला. एक घंटी वाजून बंद झाली तर मी बरा आहे. लागोपाठ दोनदा वाजली तर फोनजवळ थांब, थोड्या वेळाने बोलतो. आणि तुला काही लागलं तर तू एक घंटी दे, मी करतो. म्हणजे मिसकॉल. पुढची बारा वर्षं मायलेकरांचा कारभार बहुतेक या घंट्यांवरच चालला. आत्याने स्वतः पैसे घालून केलेले फोन हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

अशा गिऱ्हाइकाकडून कंपनीला काय मिळत असेल, असं मला तेव्हा वाटायचं. पुष्कळ मिळत होतं. कसं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

३१ जुलै १९९५ला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांनी ऐकलं. (पुढच्याच वर्षी सीबीआयने सुखराम यांच्या घरांवर छापे घातले आणि साडेतीन कोटींहून जास्त रोकड बाहेर काढली. दूरसंचार खात्याचा इतिहास सुरुवातीपासूनच रंगीत आहे.) बोलायचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता. आणि आज विशी-पंचविशीत असलेल्यांना हे खरं वाटणार नाही, पण आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. समोरच्याने तुमच्याशी गप्पा मारायच्या, आणि मिटर तुमचंही फिरायचं.

मग लोक काय करायचे? स्क्रीनवर नंबर बघायचे, फोन कट करायचे, आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओवर जाऊन रुपयाची नाणी टाकत परत फोन करायचे. चारचौघांत मिरवायला मोबाइल आणि बोलायला पीसीओ. मुंबईत कितीतरी एजंट आणि बिल्डर हे करत. मिसकॉल ही गरिबांची युक्ती मानली जाते, पण भारतात तिची सुरुवात ज्यांच्याकडे मोबाइल होता त्यांनीच केली. तेव्हा मोबाइल फक्त श्रीमंतांकडेच होता.

दर इतके चढे असण्याचं मोठं कारण लायसन्सच्या फीमध्ये होतं. कंपन्यांनी लिलावात तोंडाला येतील ते आकडे बोलून परवाने घेतले होते आणि ती रक्कम मोजक्या ग्राहकांकडून वसूल करायची होती. देश सर्कलमध्ये वाटलेला होता. मुंबई हे वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. मुंबईचा फोन पुण्याला नेला की रोमिंग लागायचं. कंपन्याही सारख्या नावं बदलायच्या. मुंबईत जी आधी मॅक्सटच होती ती ऑरेंज झाली, मग हच, मग व्होडाफोन, आणि आता व्हीआय. आमच्या सर्कलमधली बिर्ला एटी अँड टी पुढे टाटांच्या कंपनीत मिसळली, तेव्हा तिन्ही नावांची आद्याक्षरं जोडून लोक तिला ‘बटाटा’ म्हणायचे. २००२ साली तिने ‘आयडिया’ हे नाव घेतलं आणि एक चांगला विनोद संपला.

१९९९च्या नव्या धोरणाने ठोक फीऐवजी उत्पन्नातला हिस्सा घ्यायची पद्धत आणली आणि कंपन्यांना श्वास घेता आला. तरी मार्च २००० मध्ये देशभरात मोबाइल ग्राहक २० लाखही नव्हते. नंतर बीएसएनएल उतरली, रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवला. हा भाग तुम्ही ऐकलेला असतो, घरातल्या कुणाकडे तरी तो रिलायन्सचा फोन होताच. मला मात्र वाटतं, आत्याच्या दृष्टीने खरी तारीख १ मे २००३ आहे. महाराष्ट्र दिन असणं हा योगायोग. त्या दिवसापासून इनकमिंग फुकट झालं.

फुकट म्हणजे काय, हे इथे नीट बघायला हवं. दादा एका कंपनीचा, आत्या दुसऱ्या कंपनीची. दादाचा कॉल त्याच्या टॉवरवरून निघतो, पण शेवटचा टप्पा, म्हणजे आत्याचा फोन शोधणं, वाजवणं आणि आवाज तिच्या कानापर्यंत नेणं, हे काम तिची कंपनी करते. या कामाचे पैसे आधी आत्याकडून घेतले जात. ट्रायच्या नव्या नियमानुसार ते दादाच्या कंपनीने आत्याच्या कंपनीला द्यायचे ठरलं. थोड्याच महिन्यांत हा दर मिनिटाला ३० पैसे असा ठरला. इंग्रजीत त्याला आययूसी म्हणतात. वर्तमानपत्रांत अर्थपुरवणीच्या आतल्या पानावर ही बातमी यायची आणि कुणी वाचायचं नाही.

आता हिशोब करा. आत्याला दुसऱ्या कंपन्यांच्या फोनवरून रोज दहा मिनिटांचे कॉल आले तर दिवसाला ३ रुपये, महिन्याला ९० रुपये तिच्या कंपनीच्या खात्यात. तिने रिचार्ज मारो न मारो. लेकी, भाचे, बहिणी, दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, जो कोणी तिला फोन करेल तो तिच्या वतीने भरणा करत होता. तिला नुसतं फोनपाशी असायचं होतं.

म्हणून डिसेंबर २००५ मध्ये कंपन्यांनी ‘लाइफटाइम’ काढलं. एकदा ९९९ रुपये भरा, इनकमिंग जन्मभर. आत्याचं सिम यातलंच. जाहिराती अशा होत्या की जणू गिऱ्हाइकावर उपकार केलाय, पण गणित वरचं होतं. न बोलणारी माणसंही जाळ्यात हवी होती, कारण ती असल्याशिवाय बोलणारे बोलणार कुणाशी? बारीक अक्षरात अटी होत्या. बहुतेक योजनांत ठरावीक महिन्यांनी थोडं रिचार्ज मारावं लागायचं. आणि जन्मभर म्हणजे कुणाचा जन्म, यावरही ट्रायला खुलासा करावा लागला. लाइफटाइम म्हणजे कंपनीच्या परवान्याचं आयुष्य, ग्राहकाचं नव्हे, आणि तो परवाना कधी संपतो हे ग्राहकाला सांगा, असं २००६ मध्ये कंपन्यांना बजावण्यात आलं. आत्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्यापेक्षा जास्तच जगंल की.

तिच्या हातातला फोन नोकिया ११००. २००३ साली आलेला, धूळ आत न जाणारा, रबरी बटणांचा आणि डोक्यावर बॅटरी असलेला. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आत्याने त्याचा फोनपेक्षा बॅटरी म्हणूनच जास्त वापर केला. दहा रुपयांची रिचार्ज किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी मिळू लागली होती. मार्च २००३ मध्ये देशात मोबाइल ग्राहक सुमारे १.३ कोटी होते. ऑक्टोबर २००४ मध्ये मोबाइलने लँडलाइनला मागे टाकलं. जून २०१२ मध्ये आकडा ९३ कोटींवर गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला ८६ कोटींवर उतरला, कारण कंपन्यांनी न वापरलेली सिम मोजणीतून काढायला सुरुवात केली. एवढी वर्षं मुक्या सिमचीही शिरगणती चालू होती. आकडा फुगलेला दिसणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

दरम्यान मिसकॉल ही एक भाषा झाली होती. ती चालायची, कारण पैसे मोजायला सुरुवात होते समोरच्याने फोन उचलल्यावर. त्याआधी दोन शहरांतली यंत्रं एकमेकांना शोधतात, रस्ता जोडतात, घंटी वाजवतात, आणि हे सगळं फुकट. लँडलाइनच्या काळातही ‘पोचलास की दोन रिंग दे’ असं सांगितलं जायचं. मोबाइलने त्यात नाव दिसायची सोय आणली. मग रिक्षावाला खाली आला की मिसकॉल. डबा तयार झाला की मिसकॉल. कॉलेजातल्या पोरांचे रात्रीचे मिसकॉल, ज्यांचा अर्थ त्या दोघांनाच ठाऊक. कोण कुणाला मिसकॉल देतो यावरून घरातली उतरंड कळायची. साहेब मिसकॉल देत नाही, शिपाई देतो. सासरच्यांना द्यायचा नाही. आईला चालतो.

पुढे कंपन्याही शहाण्या झाल्या. बंगळुरूची झिपडायल ही कंपनी मिसकॉलवरच उभी राहिली आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. २०११च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात लोकांनी मिसकॉल देऊन पाठिंबा नोंदवला, नंतर राजकीय पक्षाची सदस्य नोंदणी मिसकॉलवर झाली, बँकेतली शिल्लक मिसकॉलवर कळू लागली. दादा-आत्याची घंटी दिल्लीपर्यंत पोचली.

तिकडे ते ३० पैसे उतरत होते. २००९ मध्ये २० झाले, २०१५ मध्ये १४. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, बोलणं फुकट आणि पैसे फक्त डेटाचे, असं म्हणत. नव्या कंपनीचे ग्राहक फुकट असल्यामुळे भरपूर फोन करत, त्यामुळे तिला जुन्या कंपन्यांना हे पैसे द्यावे लागत. जुन्यांना दर हवा होता, नवीला नको होता. ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने तो ६ पैशांवर आणला. यंत्रणा स्वस्त झाली होती, त्यामुळे दर उतरवण्यात चूक होती असं मी म्हणत नाही. पण आत्याचे महिन्याचे ९० रुपये आता १८ झाले होते.

वर्षभरात, २०१८च्या अखेरीला, जुन्या कंपन्यांनी ‘किमान रिचार्ज’ आणलं. २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग. लाइफटाइमवाल्यांनाही मेसेज आले. ट्रायने खात्यात शिल्लक असताना सेवा तोडू नका म्हणून कंपन्यांना सुनावलं, पण किमान रिचार्ज राहिलं ते राहिलंच.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे निव्वळ तमाशा. २०१९ मध्ये कंपन्यांचं घंटीच्या लांबीवरून युद्ध झालं. आधी घंटी साधारण अर्धा ते पाऊण मिनिट वाजायची. जिओने ती २० सेकंदांवर आणली, मग २५ केली. प्रतिस्पर्ध्यांचा आरोप असा की, समोरचा हात पुसून फोनपर्यंत पोचेस्तोवर घंटी थांबते, तो मिसकॉल बघून उलट फोन करतो, आणि पैसे देणारी कंपनी बदलते. जिओचं म्हणणं उलटं होतं. दुसऱ्यांचे ग्राहक आमच्याकडे रोज २५ ते ३० कोटी मिसकॉल टाकतात आणि आमच्या माणसांना परत फोन करायला लावतात. गंमत म्हणजे दोन्ही बाजू जे वर्णन करत होत्या ते दादाचंच तंत्र होतं. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रायने ठरवून टाकलं, मोबाइलची घंटी ३० सेकंद, लँडलाइनची ६०. जानेवारी २०२१ पासून आययूसी शून्य झालं.

आत्याचा फोन त्याआधीच गेला होता. किमान रिचार्जचा मेसेज इंग्रजीत आला असणार, तिने तो उघडलाही नसेल. दादा तेव्हा कामाच्या गडबडीत होता आणि त्याचा नवा फोन अमर्याद बोलण्याचा. मिसकॉल द्यायची सवय सुटलेली, आणि उठून फोन करायची अजून लागलेली नाही, अशा मधल्या काळात काही आठवडे गेले. लागत नाही म्हणाला, नेटवर्क नसेल. आत्या म्हणत राहिली, पोराची घंटी येईना. ती दिवसातून चारदा फोन उचलून बघायची, बॅटरी लावून बघायची. बॅटरी लागायची, त्यामुळे फोन चांगला आहे अशी तिची खात्री होती. आम्हाला कळलं तेव्हा विट्याच्या दुकानदाराने सांगितलं की नंबर परत मिळणार नाही. तेव्हा दादा पहिल्यांदा सुट्टी नसताना गावी आला. नवं सिम घेतलं, नवा नंबर त्याने कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहिला.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं रिचार्ज ठेवा, असा नियम केला. आत्याच्या आताच्या फोनवर नातू यूट्यूब बघतो, त्यामुळे तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

गेल्या दिवाळीत सोप्यात बसून मी भिंतीवरचा नंबर फिरवला. नंबर चालू होता. एक घंटी वाजली आणि मी कट केलं. दोन मिनिटांत उलट फोन आला. एक तरुण मुलगी होती, मागे बसस्टँडचा गोंगाट. “कोण बोलतंय? मिसकॉल होता तुमचा.”

“चुकून लागला,” मी म्हणालो.

“कुणाला पाहिजे होतं?”

मी आत्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, “हां, त्यांच्यासाठी येतात अधूनमधून फोन. बऱ्या आहेत ना त्या?”