रापा नुईचे वस्तुसंग्रहालय

पॅसिफिक महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटर अंतरावर रापा नुई हे लहानसे बेट आहे. १७२२ साली ईस्टरच्या दिवशी रोखेवेन हा डच दर्यावर्दी तेथे पोहोचला. त्यावरून पडलेले ‘ईस्टर बेट’ हे नाव आपल्याकडेही रूढ झाले. ‘मोआई’ या तेथील प्रचंड पाषाणमूर्ती जगविख्यात आहेत. त्या मानाने हांगा रोआ गावाजवळ १९७३ साली स्थापन झालेले वस्तुसंग्रहालय थोड्यांसच ठाऊक असते. परंतु एखाद्या समाजाचा इतिहास कसा हरवतो आणि त्यातील किती परत मिळवता येतो, हे जाणून घ्यावयाचे असेल तर या संग्रहालयाकडेच वळावे लागते.

संग्रहालयास फादर सेबास्तियान एंग्लेर्ट यांचे नाव आहे. हे बव्हेरियातील कापुचिन धर्मोपदेशक १९३५ साली बेटावर आले आणि १९६९ साली निवर्तले. मधल्या काळात त्यांनी तेथील भाषा व परंपरागत कथा टिपून घेतल्या आणि शेकडो मूर्तींची क्रमवार मोजदाद केली.

संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक डोळा. तो पांढऱ्या प्रवाळाचा असून त्याचे बुबुळ तांबड्या ज्वालामुखी दगडाचे आहे. १९७८ साली, बेटावरच जन्मलेले पुरातत्त्वज्ञ सेर्जिओ रापू यांच्या देखरेखीखाली आनाकेना येथे झालेल्या उत्खननात तो सापडला. तोवर जगाला ठाऊक होत्या त्या रिकाम्या खोबणींच्या मूर्ती. खाणीत अपुऱ्या राहिलेल्या मूर्तींना खोबणीही नाहीत. चौथऱ्यावर उभ्या केलेल्या मूर्तींनाच त्या कोरलेल्या आढळतात. प्रतिष्ठापनेच्या वेळी नेत्रोन्मीलन करण्याची आपली रीत ज्यांना परिचित आहे, त्यांना या भेदाचे महत्त्व सहज उमगेल. मात्र त्यावरून दोन संस्कृतींचे नाते जोडणे युक्त होणार नाही.

तसे धाडस पूर्वी एकदा झाले आहे. ‘रोंगोरोंगो’ ही या बेटाची चिन्हलिपी लाकडी फळ्यांवर कोरलेली असे. १९३२ साली हेवेशी यांनी तिचे सिंधू मुद्रांवरील चिन्हांशी साम्य दाखविले. परंतु दोहोंमधील काळाचे व स्थळाचे अंतर पाहता ते मत टिकले नाही. ही लिपी आजही अवाचित आहे, आणि याचे कारण मोठे विदारक आहे. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसे पळवून नेली. जे मूठभर परतले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर अवघी १११ माणसे उरली होती. लिपीचे जाणकार या संहारात नाहीसे झाले. उरलेल्या सुमारे दोन डझन फळ्या परदेशांतील संग्रहांत विखुरल्या आहेत. ज्या भूमीत त्या कोरल्या गेल्या, तेथे मूळ फळी एकही नाही.

नेलेल्या वस्तू परत मिळविण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत. १८६८ साली इंग्रजी युद्धनौकेने नेलेली ‘होआ हाकानानाइआ’ ही मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती मागण्यासाठी २०१८ साली बेटाचे शिष्टमंडळ तेथे गेले होते. थोर हेयेरडाल यांच्या मोहिमेत नेलेल्या वस्तू परत करण्याचा करार २०१९ साली नॉर्वेने केला. १८७० साली चिलीस नेलेली एक मूर्ती २०२२ साली सांतियागोहून बेटावर परतली.

मूर्ती परत येऊ शकते. लिपी वाचणारा माणूस परत येत नाही. म्हणूनच परत आलेल्या वस्तूंना घर देणे एवढेच अशा संग्रहालयाचे कार्य नव्हे. वस्तूंचा अर्थ सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांचे बोल टिपून ठेवणे, हे त्याहून निकडीचे कर्तव्य होय. एंग्लेर्ट यांनी ते केले, आणि त्यांचे नाव त्या वास्तूस शोभते ते याचसाठी.