नागपूरच्या तक्त्यातील मेंदूच्या गाठीची ओळ

फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जगभरच्या कर्करोग नोंदींचा पाचवा ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यात मुंबई, पुणे, बंगळूर आणि मद्रास यांच्याबरोबर नागपूरचेही स्वतंत्र तक्ते आहेत. काळ १९८० ते १९८२. तोंड, अन्ननलिका, गर्भाशयमुख अशा ओळी उतरत गेलो की १९१ आणि १९२ या संकेतांकांची ओळ लागते. मेंदू व मज्जासंस्था. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, वयोगट वेगळे. नागपुरात मेंदूच्या कर्करोगाचे अस्तित्व आकड्यांत मांडणारा इतका शिस्तशीर जुना दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल. त्या ओळीमागच्या माणसांना नेमके काय झाले होते, हे आजच्या ज्ञानाने कितपत उलगडते, ते कागदाला कागद लावून पाहायचे आहे.

आधी ही ओळ आली कुठून ते पाहू. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ साली स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी उभी केली. तिच्याच शाखा म्हणून पुण्यात १९७२, औरंगाबादेत १९७८ आणि नागपुरात १९८० मध्ये काम सुरू झाले. डॉक्टर आपणहून कळवतील या भरवशावर ही नोंदणी चालत नव्हती. कर्मचारी स्वतः रुग्णालयांत, पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदींत जाऊन केसपेपर तपासत आणि एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे ताडून घेत. मोजला जाई तो त्या शहराचा रहिवासीच. गोंदिया, बैतूल किंवा छिंदवाड्याहून नागपूरला येऊन तिथल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण या तक्त्यात येत नाही. विदर्भाबाहेरूनही रुग्ण ओढणाऱ्या शहराच्या बाबतीत हे ध्यानात ठेवलेच पाहिजे, कारण हा तक्ता शहराचा आहे, शहरातल्या रुग्णालयांच्या वॉर्डांचा नाही.

प्रत्येक नोंदीत अवयवाचा संकेतांक आणि निदानाचा आधार लिहिला जातो: सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा, केवळ लक्षणे व तपासणी, की फक्त मृत्यूचा दाखला. मेंदूच्या बाबतीत हा आधार कळीचा ठरतो. कवटी उघडल्याशिवाय तुकडा मिळत नाही, म्हणून तुकडा न तपासता लागलेली निदाने इथे अनेक अवयवांपेक्षा अधिक असतात. तुकडा मिळाला तर गाठीच्या जातीचा आकडा पडतो. ९४०० म्हणजे ॲस्ट्रोसायटोमा, ९४५० ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ९४४० ग्लायोब्लास्टोमा.

ही नावे आली बॉस्टनहून. पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी १९२६ साली ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींशी नाते असलेल्या, गाठींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांनी रुग्णाच्या पुढच्या आयुष्याचा, प्रोग्नोसिसचा, उल्लेख केला होता. गाठीतील पेशी गर्भातील मेंदूच्या वाढीच्या कोणत्या टप्प्यासारखी दिसते यावर त्यांनी नावे दिली आणि प्रत्येक नावासमोर रुग्ण किती काळ जगला ते मांडले. कुशिंगचा एक नेम होता: शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने दरवर्षी पत्र लिहून आपली खुशाली कळवायची. ती पत्रे, ते तुकडे, ती छायाचित्रे आज येल विद्यापीठात जपलेली आहेत. सर्वांत घातक गटातील रुग्ण सरासरी वर्षभर जगत, हे त्या संग्रहातून दिसले. पेशीच्या दिसण्यावरून आयुष्याचा अंदाज बांधायचा, ही पद्धत पुढे नव्वद वर्षे टिकली. नागपूरच्या तक्त्यामागचे निदानही याच पद्धतीचे.

त्याच दशकात बर्लिनमध्ये दुसऱ्याच प्रकारचे कागद तयार होत होते. ऑटो वारबर्गने उंदरांच्या गाठींचे अतिशय पातळ काप काचेच्या भांड्यात ठेवले आणि दाबमापकाने त्यांचा श्वास मोजला. भरपूर प्राणवायू असूनही गाठीच्या पेशी साखरेचे लॅक्टिक आम्ल करत राहतात, हे त्याने १९२४ च्या सुमारास दाखवले. पेशीचे श्वसन बिघडणे हेच कर्करोगाचे मूळ, असा त्याचा निष्कर्ष होता आणि १९५६ च्या लेखातही त्याने तो सोडला नाही. तो निष्कर्ष पुढे तसाच टिकला नाही. बहुतेक गाठींत श्वसनयंत्रणा शाबूत असते. मोजमाप मात्र आजही खरे आहे. बॉस्टनचे कागद पेशीच्या रूपाबद्दल बोलत होते, बर्लिनचे तिच्या खाण्याबद्दल. ऐंशीहून अधिक वर्षे मेंदूच्या गाठीच्या निदानात या दोन कागदांची गाठ पडली नाही.

ती पडली २००८ च्या सप्टेंबरमध्ये. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २२ ग्लायोब्लास्टोमांतील २०,६६१ जनुके वाचून काढली आणि 'सायन्स'मध्ये निकाल छापला. कर्करोगात नेहमी सापडणारी जनुके होतीच. त्यांच्या सोबत कोणी अपेक्षा न केलेले एक नाव निघाले: आयडीएच-१, म्हणजे आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेज या विकराचे जनुक. वाढीची आज्ञा देणारे हे जनुक नव्हे, अन्नाच्या ज्वलनाशी निगडित रसायनमार्गातले. बदल जवळपास एकाच जागी होता, १३२ व्या अमिनो आम्लात. साधारण १२ टक्के ग्लायोब्लास्टोमांत तो सापडला, मुख्यतः तरुण रुग्णांत. ज्यांच्यात तो होता त्यांचे मध्यक आयुष्य ३.८ वर्षे होते, नसलेल्यांचे १.१ वर्ष. पुढच्या फेब्रुवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ४४५ गाठींचा मोठा अभ्यास आला. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या ॲस्ट्रोसायटोमा व ऑलिगोडेंड्रोग्लायोमांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक गाठींत आयडीएच-१ किंवा त्याचा भाऊबंद आयडीएच-२ बदललेला होता. ९४४० या एकाच आकड्याखाली दोन वेगळे आजार नोंदले जात होते, हे इथे सिद्ध झाले.

२००९ या वर्षातले कागद तारखेच्या क्रमाने वाचले पाहिजेत, कारण मत बदलताना दिसते. फेब्रुवारी २००९ मधील लेख सांगतो की बदललेला विकर आपले नेहमीचे काम करत नाही. एप्रिलमधील एका लेखाचा सूरही तोच, काम थांबल्यामुळे गाठ वाढते. डिसेंबरमध्ये 'नेचर'ने चित्र पालटले. विकर नुसता थांबत नाही, नवे काम करतो. नेहमी तो आयसोसायट्रेटपासून अल्फा-किटोग्लुटारेट बनवतो. बदललेला विकर त्याच अल्फा-किटोग्लुटारेटपासून २-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवत राहतो. निरोगी पेशीत नाममात्र असलेला हा पदार्थ गाठीत प्रचंड साचतो. डीएनएवरील मेथिल खुणा पुसणारे विकर त्यामुळे अडतात. २०१२ मध्ये हाच बदल प्रयोगशाळेत साध्या ॲस्ट्रोसाइट पेशींत घातला, तेव्हा त्यांच्या डीएनएवर खुणांचा तोच पसारा उमटला जो रुग्णांच्या गाठींत दिसत होता. एका चयापचयी जनुकातील एका अक्षराने पेशीतील शेकडो जनुकांचे वाचन बदलते, हे इथे ठामपणे सांगता येते.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. आयडीएच बदललेला रुग्ण अधिक जगतो, तेव्हा त्याच्या शरीराची फौज गाठीशी अधिक नेटाने लढत असेल, असे कोणालाही वाटेल. कागद उलट सांगतात. २०१७ मधील अभ्यासांत या गाठींमध्ये रोगप्रतिकारक पेशी कमी आढळल्या आणि टी-पेशींना बोलावणारी सीएक्ससीएल-१० सारखी रासायनिक हाक दबलेली आढळली. २०१८ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने दाखवले की गाठीतून बाहेर पडलेला २-हायड्रॉक्सीग्लुटारेट शेजारच्या टी-पेशी आत घेतात आणि त्यांची सक्रियता खचते. २०२२ मध्ये 'सायन्स'मधील काम आणखी खोल गेले: हा पदार्थ मारक टी-पेशींतील लॅक्टेट डिहायड्रोजनेजला अडवतो, म्हणजे लढणाऱ्या पेशीची साखर वापरण्याची पद्धतच मोडतो. वारबर्गने मोजलेल्या रसायनमार्गाचा धागा इथे गाठीतून शिपायापर्यंत पोचला. रुग्णाला मिळणारी वर्षे गाठीच्या संथ वाढीतून आणि उपचारांना मिळणाऱ्या चांगल्या प्रतिसादातून येतात. प्रतिकारशक्तीच्या विजयातून नव्हे.

ज्यांच्या गाठीत आयडीएच शाबूत असतो, त्यांच्याकडे शस्त्र वेगळे असते. २०११ मध्ये दाखवले गेले की ग्लायोमाच्या पेशी टीडीओ नावाच्या विकराने ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे किन्युरेनिन करतात आणि तो पदार्थ टी-पेशींना गप्प बसवतो. फुप्फुसाच्या कर्करोगात आणि मेलॅनोमात कमाल करणारे, प्रतिकारशक्ती जागवणारे निव्होलुमॅब हे औषध परतलेल्या ग्लायोब्लास्टोमावर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत जुन्या औषधापेक्षा आयुष्य वाढवू शकले नाही. त्याची कारणे अनेक आहेत, आणि गाठीभोवतीचे हे विषारी रसायन त्यांपैकी एक असू शकते.

अलीकडे चयापचयी जनुकांची यादी घेऊन रुग्णांना 'अधिक धोका' आणि 'कमी धोका' अशा गटांत विभागणारे आणि त्यावरून प्रतिकारक पेशींचा अंदाज बांधणारे निबंध फार निघतात. त्यांतील बहुतेकांचा कच्चा माल अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलासमधून किंवा चीनच्या ग्लायोमा संग्रहातून येतो. त्यांत दोन गोष्टी तपासाव्यात. संथ ग्लायोमा आणि ग्लायोब्लास्टोमा एकत्र मिसळले असतील, तर नवा गुणांक बऱ्याचदा आयडीएचचीच गोष्ट नव्या आकड्यांत सांगतो. आणि प्रतिकारक पेशी कोणी मोजलेल्या नसतात, संपूर्ण तुकड्याच्या आरएनएवरून गणिताने अंदाजलेल्या असतात. हे काम निरुपयोगी नाही. पण नागपूरच्या रुग्णाच्या खाटेशेजारी ते आणण्यापूर्वी नागपूरच्या गाठींवर ते पडताळायला हवे.

पडताळणीचे साधन महागडे नाही. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवतात. हा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. २००९ मध्ये हायडेलबर्गमध्येच बदललेला आयडीएच-१ ओळखणारी प्रतिद्रव्याची चाचणी तयार झाली आणि ती अशा जुन्या ठोकळ्यांवर चालते. ग्लायोमातील आयडीएच-१ बदलांपैकी सुमारे ९० टक्के या एका प्रतिद्रव्याने पकडले जातात. म्हणजे कपाटात पडलेला ब्लॉक हा केसपेपरपेक्षा जास्त बोलणारा दस्तऐवज आहे. तो फेकून दिला तर ती साक्ष कायमची जाते. रुग्णालय बदलताना एमआरआयची सीडी नातेवाईक आठवणीने नेतात. ब्लॉकची मागणी मात्र करायची असते हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

ही साक्ष आता उपचारही ठरवते. दुसऱ्या श्रेणीच्या, आयडीएच बदललेल्या ३३१ रुग्णांवरील चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. व्होरासिडेनिब ही गोळी घेणाऱ्यांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ २७.७ महिने होता, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ११.१ महिने. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. बदललेला आयडीएचच लक्ष्य मानणाऱ्या लशीची ३३ रुग्णांवरील पहिली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि बहुसंख्य रुग्णांत त्या लक्ष्याविरुद्ध प्रतिकार जागा झालेला दिसला. गाठीने दडपलेली फौज शिकवून उभी करता येते, एवढे त्यातून कळते. ती आयुष्य किती वाढवते हे मोठ्या चाचणीचे काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या वर्गीकरणात प्रौढांमध्ये ग्लायोब्लास्टोमा हे नाव फक्त आयडीएच शाबूत असलेल्या गाठींसाठी राखले. बदल असलेली तितकीच आक्रमक गाठ आता चौथ्या श्रेणीचा ॲस्ट्रोसायटोमा म्हणून नोंदली जाते. त्यामुळे १९८० च्या नागपूरच्या तक्त्यामागच्या नोंदींतील ग्लायोब्लास्टोमा आणि २०२४ च्या अहवालातील ग्लायोब्लास्टोमा यांची थेट तुलना करणे चूक आहे. पंचावन्न वर्षांखालील रुग्णात प्रतिद्रव्याची चाचणी नकारात्मक आली तरी जनुक वाचून खात्री करावी, अशी आजची शिफारस आहे, कारण उरलेले सुमारे १० टक्के बदल आणि आयडीएच-२ मधील बदल त्या चाचणीतून निसटतात.